कपाटाची किल्ली कपाटातच

विद्यार्थी मित्रांनो, एक कोडे घालतो. एका कपाटाला कुलूप आहे. त्या कुलपाची किल्ली त्याच कपाटाच्या आतल्या खणात आहे. दुसरी किल्ली नाही. कपाट उघडायचे कसे?

तुम्ही म्हणाल, हे कोडे नव्हे, ही तर चेष्टा झाली. पण संगणकाला हार्ड डिस्क असणे ही ज्या काळी चैन होती, त्या काळी प्रत्येक संगणक रोज सकाळी हेच कोडे सोडवीत असे, आणि तेही मिनिटभरात. संगणकाला फाइल वाचता यावी यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम लागते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा प्रोग्रॅम. आणि एमएस-डॉस नावाची त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच फ्लॉपीवर फाइलींच्या रूपात ठेवलेली असे! म्हणजे फाइल वाचायला डॉस हवे, आणि डॉस मिळवायचे तर फाइल वाचायला हवी. हा पेच कसा सुटत असे ते आज पाहू. त्याचे निमित्त मात्र आमच्या प्रयोगशाळेत घडले.

गेल्या मे महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील जुनी कपाटे रिकामी करण्याचे काम निघाले. तुटलेले आरसे, गंजलेली स्प्रिंग, कुणा विद्यार्थ्याचा विसरलेला कंपास असा नेहमीचा ऐवज निघाला. त्यात एका पत्र्याच्या डब्यात काही फ्लॉप्या होत्या. एकीवर निळ्या शाईत लिहिले होते, ‘बूट. विहीर. पुसू नये.’ अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. ज्या सरांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचे ते अक्षर. सर १९९१ ते १९९७ अशी सात वर्षे दर शनिवारी महाविद्यालयाच्या आवारातील विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजीत आणि थर्मामीटर सोडून पाण्याचे तापमान घेत. विभागात तेव्हा एकच संगणक होता आणि त्याला हार्ड डिस्क नव्हती. ज्या फ्लॉपीवरून संगणक सुरू व्हायचा, तिच्यावरच आकडेही साठवले जात. वहीतही नोंद होती, पण ती वही पुढे वाळवीने खाल्ली.

आमच्या भूगोल विभागातील एक सहकारी सध्या गावातील विहिरींचा अभ्यास करीत आहेत. परिसरात बोअरवेल खोदले जाण्यापूर्वी पाणी किती वर असे, हे त्यांना कुठेही सापडत नव्हते. तेव्हा या फ्लॉपीचे मोल तुमच्या ध्यानात येईल. आम्ही बाहेरून जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, फ्लॉपी आत सरकवली, आणि पडद्यावर प्रश्न उमटला, ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. फॉरमॅट करायची काय?’ सहकाऱ्यांचे बोट ‘हो’कडे निघालेच होते. मी जवळजवळ ओरडलो, ‘‘अहो, थांबा!’’

त्या एका बोटाने काय झाले असते, हे समजण्यासाठी फ्लॉपीच्या पोटात शिरायला हवे.

फ्लॉपीच्या पोटात

संगणकाच्या पडद्यावर ‘सेव्ह’ करण्यासाठी एक चौकोनी चित्र असते ते तुम्ही पाहिले असेल. ते फ्लॉपीचे चित्र. चौकोन म्हणजे प्लॅस्टिकचे कवच. आत पॉलिएस्टरची पातळ, लवचीक तबकडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंवर चुंबकीय पदार्थाचा थर दिलेला असतो. घरात एखादी जुनी फ्लॉपी निरुपयोगी पडली असेल, तर मोठ्यांना विचारून खुशाल उघडून पाहा. धातूची सरकती पट्टी बाजूला केली की तपकिरी-काळी तबकडी दिसेल. वर आणि खाली अशी दोन लहान चुंबकीय शीर्षे तिला दोन्ही बाजूंनी स्पर्श करतात आणि तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते.

साडेतीन इंची, १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी १९८७ सालापासून प्रचारात आली. तिच्या प्रत्येक बाजूवर ८० समकेंद्री वर्तुळे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. दोन लगतच्या ट्रॅकांत जेमतेम ०.१९ मिलिमीटर अंतर! प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे केलेले असतात, ते सेक्टर. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. आता गुणाकार करा. ८० × २ × १८ = २,८८० सेक्टर, आणि २,८८० × ५१२ = १४,७४,५६० बाइट. मोबाइलवर काढलेला एक फोटोही बहुधा यात मावणार नाही.

आपण भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, तेव्हा आणखी एक हिशेब करू. तबकडीचा एक फेरा ०.२ सेकंदात पुरा होतो. शीर्षाखालून सेकंदाला ५,००,००० बिट जातात. म्हणजे एका फेऱ्यात १,००,००० बिट, अर्थात १२,५०० बाइट. पण एका ट्रॅकवर आपण तर १८ × ५१२ = ९,२१६ बाइटच साठवतो. उरलेले तीन हजारांवर बाइट गेले कुठे? ते सेक्टरांमधल्या मोकळ्या जागांत, प्रत्येक सेक्टरच्या कपाळी लिहिलेल्या क्रमांकात आणि पडताळा घेण्यासाठी ठेवलेल्या अंकांत खर्च होतात. सेक्टरमधील सर्व बाइटांवरून एक विशिष्ट गणित करून १६ बिटांची संख्या काढतात आणि ती सेक्टरच्या शेवटी लिहून ठेवतात. वाचताना तेच गणित पुन्हा होते. उत्तर जुळले नाही तर ‘हा सेक्टर खराब आहे’ असे ड्राइव्ह सांगतो. चुकीचे आकडे गुपचूप हाती देण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता संगणकाची बाजू पाहू. बटण दाबताच जो प्रोग्रॅम चालू लागतो, तो मुख्य पट्टीवरील एका चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. त्याला बायोस म्हणतात. त्या काळच्या बायोसला ‘फाइल’ हा शब्दच ठाऊक नव्हता. अमुक ट्रॅक, अमुक बाजू, अमुक सेक्टर एवढे सांगितले तर तो तेथील ५१२ बाइट उचलून आणी. नवा पोस्टमन जसा घर क्रमांकावर पत्र टाकील, पण ‘जोशी मास्तरांकडे जा’ म्हटले तर गोंधळेल, तसे. त्याला एकच सवय लावून दिलेली होती. सुरुवातीला फ्लॉपीचा अगदी पहिला सेक्टर वाचायचा, मेमरीत ३१,७४४ क्रमांकाच्या जागेपासून मांडायचा आणि संगणकाचा ताबा त्याच्याकडे देऊन मोकळे व्हायचे. ३१,७४४ ही संख्या विचित्र वाटली ना? तिला १,०२४ ने भागा. उत्तर बरोबर ३१ येते. म्हणजे ३२ किलोबाइट मेमरीच्या टोकाशी शेवटचा एक किलोबाइट राखून ही जागा ठरवली होती.

पाचशे बारा बाइटांची किल्ली

त्या पहिल्या सेक्टरला बूट सेक्टर म्हणतात. बुटाला मागे जो पट्टा असतो तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी म्हणीवरून ‘बूट’ हा शब्द आला. पादत्राणाशी त्याचे एवढेच नाते!

या ५१२ बाइटांत दोन गोष्टी असतात. पहिली, फ्लॉपीचा पत्ता सांगणारा लहानसा तक्ता. सेक्टर केवढा, एका ट्रॅकवर सेक्टर किती, बाजू किती, यादी केवढी मोठी, हे सारे त्यात. दुसरी गोष्ट म्हणजे साडेचारशे बाइटांच्या आत बसवलेला एक प्रोग्रॅम. शेवटच्या दोन बाइटांत ८५ आणि १७० या संख्या खूण म्हणून असतात. त्या द्विमान पद्धतीत लिहून पाहा. ०१०१०१०१ आणि १०१०१०१०! एकीत जेथे शून्य, दुसरीत तेथे एक.

साडेचारशे बाइटांत किती हुशारी मावणार? हाच परिच्छेद साध्या अक्षरांत लिहिला तरी तेवढे बाइट संपतील. इतक्या लहान प्रोग्रॅमला फाइली शोधण्याची संपूर्ण विद्या शिकवणे अशक्य. मग त्याच्यासाठी काम सोपे करून ठेवले. डॉसच्या दोन मुख्य फाइली, आयओ आणि एमएसडॉस, फ्लॉपीच्या यादीत पहिल्या दोन ओळींतच असल्या पाहिजेत, असा नियम केला. त्यांतल्या पहिलीची सुरुवात माहितीच्या जागेतील पहिल्याच सेक्टरपासून झाली पाहिजे, हा दुसरा नियम. आता शोधायचे काही उरलेच नाही. छोट्या प्रोग्रॅमने यादीचा पहिला सेक्टर उघडायचा, पहिली दोन नावे बरोबर आहेत ना एवढे पाहायचे आणि ठरलेल्या जागेपासून काही सेक्टर मेमरीत आणायचे. ते आले की ते उरलेल्यांना आणतात, आणि सर्व मंडळी जमली की फाइल वाचण्याची खरी विद्या असलेले डॉस जागे होते. म्हणजे किल्ली कपाटातच होती, पण दाराच्या फटीतून हात घातला तर लागेल अशा खिळ्याला टांगलेली होती.

म्हणूनच नुसत्या कॉपी करून टाकलेल्या डॉसच्या फाइलींनी फ्लॉपी ‘बूट’ होत नसे. फाइली त्याच, पण जागा ती नव्हे! त्यासाठी सिस ही खास आज्ञा द्यावी लागे. नाही तर पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ हा प्रसिद्ध निरोप येई. गंमत पाहा, हा निरोप कुठे लिहिलेला असे? त्याच फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये. ‘माझ्याकडे डॉस नाही’ हे सांगायलाही त्या फ्लॉपीचा छोटा प्रोग्रॅम चालवावा लागत होता.

यात एक धोका दडलेला होता. कोणतीही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून संगणक सुरू केला की तिचा पहिला सेक्टर काहीही न विचारता चालवला जाई. १९८६ साली लाहोरमधील दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू-प्रोग्रॅम याच वाटेने जगभर पसरला. तो स्वतः बूट सेक्टरमध्ये बसे आणि मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ती जागा ‘खराब’ अशी नोंदवून टाकी.

सर्वांनीच ही युक्ती केली असे मात्र नाही. डॉसच्या आधी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लोकप्रिय होती. तिच्या आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक असत आणि त्यांतले पहिले दोन ट्रॅक सिस्टिमसाठी राखून ठेवलेले असत. तेथे फाइल नाही, यादी नाही, सलग प्रोग्रॅम लिहिलेला. म्हणजे किल्ली कपाटाबाहेरच ठेवली. हा मार्ग अधिक सरळ आहे, पण ती सिस्टिम तुम्हाला फाइल म्हणून दिसत नाही. मला स्वतःला डॉसची युक्ती अधिक आवडते. आणि खरे सांगायचे तर फ्लॉपीचा जन्मच मुळी ‘बूट’ करण्यासाठी झाला. १९७१ साली आयबीएमने पहिली आठ इंची फ्लॉपी आणली, ती मोठ्या संगणकांना सुरू होताना लागणाऱ्या सूचना पुरवण्यासाठी. तिच्यावर वापरणाऱ्याला काही लिहिता येत नव्हते आणि तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मावत. फ्लॉपीवर आपली माहिती साठवण्याची कल्पना त्यानंतरची.

विहीर कोठे आहे?

आता आमच्या फ्लॉपीकडे वळू. सेक्टरांना शून्यापासून क्रमांक दिले तर १.४४ मेगाबाइटच्या डॉस फ्लॉपीचा नकाशा असा होतो. सेक्टर ० हा बूट सेक्टर. १ ते ९ मध्ये जागावाटपाचा तक्ता. १० ते १८ मध्ये त्याच तक्त्याची दुसरी प्रत. १९ ते ३२ मध्ये फाइलींची यादी. आणि ३३ पासून २,८७९ पर्यंत प्रत्यक्ष माहिती.

यादीत प्रत्येक फाइलीला ३२ बाइटांची एक ओळ मिळते. आठ बाइट नावाला, तीन आडनावाला, मग फाइल लपवायची की काय अशा खुणा, वेळ, तारीख, पहिल्या घराचा क्रमांक आणि फाइलीचा आकार. १४ सेक्टरांत अशा २२४ ओळी बसतात, म्हणून मुख्य यादीत २२५ वी फाइल ठेवताच येत नसे, मग फ्लॉपीवर कितीही जागा रिकामी असो.

‘विहीर’ फाइलीच्या ओळीत पहिल्या घरासाठी ५१ आणि १ हे दोन बाइट होते. येथे लहान भाग आधी लिहिण्याची पद्धत आहे. तेव्हा ५१ + १ × २५६ = ३०७. आकारासाठी १६०, ४५, ०, ० होते, म्हणजे १६० + ४५ × २५६ = ११,६८० बाइट. सरांच्या प्रोग्रॅमने प्रत्येक शनिवारची नोंद ३२ बाइटांची केली होती. ११,६८० भागिले ३२ बरोबर ३६५. आता ५ जानेवारी १९९१ पासून २७ डिसेंबर १९९७ पर्यंतचे शनिवार मोजून पाहा. ३६५ च भरतात. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा सरांनी एकही शनिवार चुकवला नव्हता!

तारखेच्या दोन बाइटांत १५५ आणि ३५, म्हणजे ९,११५ ही संख्या होती. तिला ५१२ ने भागा. भागाकार १७, बाकी ४११. डॉसचे वर्ष १९८० पासून सुरू होते, म्हणून १९८० + १७ = १९९७. बाकीला ३२ ने भागा. भागाकार १२, बाकी २७. म्हणजे २७ डिसेंबर १९९७. त्या काळच्या साध्या संगणकांना वीज गेली की तारीख आठवत नसे. सुरू होताना ते तारीख विचारीत आणि बहुतेक लोक कंटाळून नुसते एंटर दाबीत. म्हणून जुन्या फ्लॉप्यांवर हजारो फाइली १ जानेवारी १९८० च्या आहेत. सर तारीख लिहीत होते.

घर क्रमांक ३०७ म्हणजे कोणता सेक्टर? घरांचे क्रमांक २ पासून सुरू होतात आणि घर २ हे सेक्टर ३३ वर आहे. म्हणून घराच्या क्रमांकात ३१ मिळवायचे. आला सेक्टर ३३८. एका ट्रॅकच्या दोन्ही बाजू मिळून ३६ सेक्टर. ३३८ = ९ × ३६ + १४. तेव्हा शून्यापासून मोजल्यास नवव्या ट्रॅकची पहिली बाजू, आणि सेक्टर एकपासून मोजतात म्हणून पंधरावा सेक्टर. आता हे बायोसलाही कळेल अशा भाषेत आले.

पण ११,६८० बाइट एका घरात कसे मावणार? त्याला २३ घरे लागतात. ती सलग असतीलच असे नाही. आज विहिरीच्या फाइलीत भर पडली, उद्या दुसरीत, परवा पुन्हा विहिरीच्या, असे होत गेले की एकाच फाइलीची घरे विखुरतात. पुढचे घर कुठले, हे सांगण्याचे काम जागावाटपाच्या तक्त्याचे. या तक्त्याला फॅट म्हणतात. मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या बेसिकसाठी तो योजला, आणि टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या ज्या ऑपरेटिंग सिस्टिममधून पुढे एमएस-डॉस तयार झाले, तिच्यात त्यांनी तीच कल्पना घेतली. कल्पना अगदी साधी आहे. तक्त्यात प्रत्येक घरासाठी एक चौकट. चौकटीत पुढच्या घराचा क्रमांक. शेवटचे घर असेल तर ‘संपले’ अशी खूण. घर रिकामे असेल तर शून्य. मुले बागेत खजिना शोधण्याचा खेळ खेळतात, एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीची जागा लिहिलेली असते, तसेच हे.

चौकटीत २,८४८ पर्यंतची संख्या मावायला हवी. ११ बिटांत २,०४७ पर्यंतच जाता येते, १२ बिटांत ४,०९५ पर्यंत. म्हणून १२ बिट. पण बाइट तर आठ बिटांचा! मग दोन चौकटी तीन बाइटांत बसवल्या. हातात पेन्सिल घ्या. आमच्या फ्लॉपीवर घर ३०८ आणि ३०९ यांच्या चौकटींचे तीन बाइट होते ५३, २२५ आणि १९. मधल्या बाइटाचे दोन तुकडे करायचे. २२५ ला १६ ने भागले तर भागाकार १४ आणि बाकी १. बाकी पहिल्या चौकटीची, तेव्हा ५३ + १ × २५६ = ३०९. भागाकार दुसऱ्या चौकटीचा, तेव्हा १४ + १९ × १६ = ३१८. म्हणजे ३०८ नंतर ३०९, आणि ३०९ नंतर एकदम ३१८ वर उडी. हा हिशेब मी प्रथम कागदावर केला तेव्हा त्या उडीच्या जागी सरांचा एखादा शनिवार दिसल्यासारखे वाटले. मधल्या घरांत त्या आठवड्यात दुसरेच काही लिहिले गेले होते.

फाइल पुसली म्हणजे काय होते, हेही आता सहज सांगता येईल. यादीतील नावाचे पहिले अक्षर काढून तेथे २२९ ही संख्या लिहिली जाते आणि फॅटमधील तिच्या चौकटींत शून्ये भरली जातात. घरांतील माहितीला कोणी हात लावत नाही. झटपट फॉरमॅट केले तर फॅट आणि यादी दोन्ही कोरी होतात. घरे तशीच, पण कोणते घर कोणाचे आणि कोणत्या क्रमाने, हे सांगणारे कोणी राहत नाही. आणि पूर्ण फॉरमॅटमध्ये घरेही जातात.

डागडुजी

मग आमच्या फ्लॉपीला झाले तरी काय होते? पडद्यावरच्या प्रश्नात ‘फॉरमॅट केलेली नाही’ असे म्हटले होते, ते खरे नव्हते. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमला फ्लॉपीवरून सुरू व्हायचे नसते, पण फ्लॉपीचा पत्ता सांगणारा तक्ता मात्र तिलाही बूट सेक्टरमध्येच शोधावा लागतो. तो सेक्टर वाचता आला नाही, आणि तिने फ्लॉपी कोरीच ठरवली. एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटले म्हणून आतली पाने कोरी आहेत असे म्हणण्यासारखेच हे झाले. शून्य क्रमांकाचा ट्रॅक हा फ्लॉपीचा सर्वांत राबणारा भाग. सुरू होताना शीर्ष तेथे जाते, प्रत्येक फाइल शोधताना तेथे जाते, प्रत्येक नोंदीनंतर फॅट बदलण्यासाठी पुन्हा तेथेच जाते. ज्यांनी फ्लॉपी वापरली आहे त्यांना तो कर्र-कर्र आवाज अजून आठवत असेल.

पहिले काम केले ते फ्लॉपीच्या कोपऱ्यातील लहान सरकते बटण सरकवून खिडकी उघडण्याचे. साडेतीन इंची फ्लॉपीत खिडकी उघडी म्हणजे लिहिणे बंद. आता चुकून कोणी ‘हो’ म्हटले तरी काही बिघडणार नव्हते. शिक्षक मित्रांना सांगावेसे वाटते की जुनी फ्लॉपी हाती आली तर दुसरे काहीही करण्यापूर्वी हे करावे.

मग फाइलींचा विचार न करता सेक्टर ० पासून २,८७९ पर्यंत सर्व सेक्टर ओळीने उतरवून घेतले. वाचता न आलेल्या सेक्टरच्या जागी शून्ये भरून पुढे जाणारे प्रोग्रॅम लिनक्सवर मिळतात. निरोगी फ्लॉपीला या कामी १६० बाजूंचे १६० फेरे, म्हणजे किमान ३२ सेकंद लागतील. आमच्या फ्लॉपीने पाऊण तास घेतला. वाचू न शकलेले सेक्टर तीनच निघाले: शून्य, एक आणि तीनशे त्र्याण्णव.

सेक्टर शून्याची काळजी नव्हती. बूट सेक्टरमधील तक्ता त्याच मापाच्या सर्व डॉस फ्लॉप्यांत जवळजवळ सारखाच असतो. डब्यातील दुसऱ्या फ्लॉपीचा बूट सेक्टर घेऊन उतरवलेल्या प्रतीत, मूळ फ्लॉपीवर नव्हे, बसवला. सेक्टर एक मात्र गंभीर होता. तो फॅटचा पहिला सेक्टर. त्यात घर ० ते ३४० पर्यंतच्या चौकटी, म्हणजे आमची ३०७, ३०८, ३०९ ही सगळी साखळी त्यातच. पण फॅटची दुसरी प्रत सेक्टर १० पासून सुरू होते, आणि तो सेक्टर शाबूत होता. वर तुम्ही पेन्सिलीने सोडवलेले ५३, २२५, १९ हे बाइट याच दुसऱ्या प्रतीतले आहेत. अवघ्या नऊ सेक्टरांची ती ‘वायफळ’ जागा अशी कामी आली.

दोन सेक्टर बदलले आणि प्रत उघडली. पडद्यावर यादी उमटली. आयओ, एमएसडॉस, कमांड, आणि त्यांच्याखाली ‘विहीर’. सहकारी खुर्चीतून उठलेच! एका एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती प्रत घातली तर डॉस सुरूसुद्धा झाले आणि त्याने पहिल्याप्रथम तारीख विचारली.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. फ्लॉपी गेली, सोनीने जपानमधील तिची विक्री २०११ मध्ये थांबवली. पण फॅट गेलेला नाही. आजच्या बहुतेक संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय नावाचा प्रोग्रॅम असतो, आणि त्याला फॅट वाचण्याची विद्या चिपमध्येच शिकवलेली असते. तो नावानिशी फाइल शोधून ती मेमरीत आणतो. पोस्टमनला आता जोशी मास्तरांचे घर ठाऊक झाले आहे, खिळ्याला किल्ली टांगण्याची गरज उरली नाही.

राहिला सेक्टर ३९३. त्यातून ३१ वजा केले तर घर ३६२. दुसऱ्या प्रतीवरून साखळी मोजत गेलो तेव्हा ते ‘विहीर’ फाइलीचे बारावे घर निघाले. त्याआधीच्या ११ घरांत ११ × १६ = १७६ ओळी. म्हणजे गेलेल्या ओळी १७७ ते १९२, एकूण सोळा शनिवार. तारखा काढल्या तर २१ मे ते ३ सप्टेंबर १९९४. विहीर तळाला गेलेली असताना पाऊस सुरू होतो आणि पाणी चढत जाते, तो संपूर्ण काळ! ड्राइव्ह बदलून पाहिला, त्या सेक्टरवर शीर्ष शेकडो वेळा नेले, फाइलीची एखादी जुनी, पुसलेली प्रत रिकाम्या घरांत उरली आहे का तेही धुंडाळले. काही मिळाले नाही. सहकाऱ्यांच्या तक्त्यात त्या सोळा ओळी आम्ही कोऱ्या ठेवल्या आहेत. अंदाजाने भरलेल्या नाहीत.

सरांना दूरध्वनी करून हे कळवले. ते म्हणाले, ‘‘अरे, त्या पावसाळ्यात टेप धरायला तूच तर येत होतास.’’ खरेच होते ते. मी तेव्हा नुकताच अकरावीत आलो होतो. त्यातले निदान चार-सहा आकडे टेपवर वाचून मीच मोठ्याने सांगितले असतील. एकही आठवत नाही.